मराठवाड्यांतील शाळकरी मुलींचा हॉकीचा हंगाम

नांदेड म्हटलें कीं बहुतेक मराठी घरांत दोन गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. एक गोदावरीचें विस्तीर्ण पात्र, आणि दुसरी श्रीगुरु गोविंदसिंगजींनीं १७०८ सालीं जेथें देह ठेवला तें सचखंड. या गांवाची तिसरीही एक ओळख आहे व ती हॉकी खेळणाऱ्यांस चांगली ठाऊक असते. दरवर्षीं हिवाळ्यांत गुरुजींच्या नांवानें येथें अखिल भारतीय सुवर्ण व रजत चषकाचे सामने भरतात. खालसा हायस्कूलच्या मैदानावर पंजाबकडील, सैन्यांतील, पोलिसांतील आणि रेल्वेंतील कसलेले संघ उतरतात, आणि दर्शनास आलेला यात्रेकरूही वाट वांकडी करून घटकाभर तेथें उभा राहतो. कबड्डी, खोखो आणि क्रिकेट यांवांचून दुसरा खेळ ज्या मुलखांत क्वचितच दिसतो, तेथें हॉकी रुजली याचें श्रेय या सामन्यांस आणि येथील शीख वस्तीच्या हौसेस दिलें पाहिजे.

परंतु हे सामने पुरुषांचे. प्रस्तुत लेखाचा विषय याहून पुष्कळ लहान आहे. ज्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत आलींच तर जिल्हावार्तेच्या तळाशीं एका ओळींत येतात, अशा तेरा ते सोळा वर्षांच्या शाळकरी मुलींच्या हॉकीविषयीं येथें लिहावयाचें आहे. त्यांचा हंगाम पहिल्या पावसाबरोबर सुरू होतो आणि बहुतेकींचा दिवाळीपूर्वींच संपतो. कित्येकींचा तर एकाच दुपारीं संपतो. हें एका दुपारचें प्रकरण काय आहे, तें समजल्यावांचून या मुलींच्या खेळाचें सुखदुःख कळावयाचें नाहीं.

जूनमध्यें शाळा उघडतात. नवीन वर्ग, नवीं पुस्तकें, गणवेशाची मापें हा गोंधळ ओसरला कीं क्रीडाशिक्षक मुलींस मैदानावर बोलावतात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयांत संघाचीं नांवें धाडावयाचीं, जन्मतारखेचे दाखले जोडावयाचे, हें झालें कीं सामन्यांच्या तारखेची वाट पाहणें आलें. शाळकरी हॉकीचे गट चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील असे असतात; दिल्लीच्या नेहरू हॉकी संस्थेच्या नांवानें होणाऱ्या सामन्यांतही सतरा वर्षांखालील मुलींचा स्वतंत्र गट आहे. जिल्ह्यांत जिंकलेला संघ विभागांत जातो; नांदेड, लातूर व धाराशिव हे जिल्हे लातूर विभागांत मोडतात. विभागांतून राज्यस्पर्धेस, आणि तेथें निवड झाली तर महाराष्ट्राच्या नांवानें परप्रांतांत. कागदावर ही शिडी मोठी सुरेख दिसते. पायऱ्या मोजक्या, आणि प्रत्येक पायरीवर वर जाण्याची वाट मोकळी.

अडचण आहे ती पद्धतीची. हे सामने बाद पद्धतीनें खेळले जातात. हरला तो संघ घरीं गेला. जिल्ह्यांत मुलींचे चार संघ आले असें धरूं. आणि हॉकीसारख्या खेळांत चार संघ आले तरी पुष्कळ म्हणावयाचें. त्यांपैकीं दोन संघांचा हंगाम पहिल्याच सामन्यांत आटोपतो, आणि जिंकणारा संघही दोनच सामने खेळून विभागास जातो. कधीं कधीं समोरचा संघ येतच नाहीं. मग पुढें चाल मिळते आणि मुली न खेळतांच विजयी होतात. दोन अडीच महिने पहाटे उठून सराव करावयाचा, घरीं बोलणीं खावयाचीं, आणि शेवटीं एक सामना खेळून काठी भिंतीशीं टेकवून ठेवावयाची, हें त्या वयांतल्या मुलीच्या वाट्यास येतें. जो खेळ सामन्यांतूनच शिकावयाचा, त्याचा सामनाच मिळाला नाहीं तर शिक्षकानें कितीही घसा कोरडा केला तरी काय उपयोग? पोहणें विहिरीच्या कांठावर बसून शिकविण्यासारखेंच तें आहे.

आतां मैदानाकडे वळूं. मराठवाड्याची काळी जमीन कापसास व ज्वारीस चांगली. हॉकीस तिच्यासारखी वैरीण नाहीं. पावसाळ्यांत ती पायास धरून ठेवते, आणि उघडीप पडली कीं तिला भेगा पडतात. म्हणून मैदान करावयाचें तर वर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून तें घट्ट करावें लागतें. एवढें करूनही चार पावसांत मुरूम वाहून जातो व खडे वर येतात. हॉकीचा चेंडू वजनानें क्रिकेटच्या चेंडूएवढाच, म्हणजे सुमारें १६० ग्रॅम, आणि तितकाच कठीण. खड्यावर आपटून तो कोणत्या दिशेस उसळेल याचा नेम नसतो. मातीवर खेळणाऱ्या मुलींच्या नडग्यांवर व गुडघ्यांवर ज्या खुणा दिसतात त्या बहुतेक या उसळीच्या. नडगीरक्षक बांधल्यावांचून कोणीही मैदानांत उतरूं नये असा शिक्षकांचा कटाक्ष असतो तो याचसाठीं.

ज्या घरीं हा खेळ कधीं आला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. अकरा जणींचा संघ. मैदानाची लांबी शंभर यार्ड व रुंदी साठ. काठीची एकच बाजू सपाट असते व तिनेंच चेंडूस स्पर्श करावयाचा, गोलाकार पाठीनें नव्हे. डावखुऱ्यांसाठीं या खेळांत वेगळी काठी नाहीं. डाव्या हातानें लिहिणारी मुलगीही इतरांसारखीच काठी धरते. गंमत अशी कीं, यांत तिचा तोटा होण्याऐवजीं कांहीं प्रमाणांत फायदाच होतो, कारण काठीचें वरचें टोंक डाव्या हातांत असतें आणि ती फिरविण्याचें मुख्य काम तोच हात करतो. गोलासमोर सोळा यार्डांच्या अंतरानें आंखलेला जो कमानदार भाग असतो, त्याच्या आंतून मारलेला चेंडूच गोल म्हणून धरतात. त्यामुळें नुसती जोरांत टोला मारणारी मुलगी येथें फार पुढें जात नाहीं. चेंडू काठीला चिकटल्यासारखा नेणें, योग्य क्षणीं तो मैत्रिणीस देणें आणि पुन्हां मोकळ्या जागीं धांवणें, यांतच खरें कसब आहे.

सर्वांत कठीण काम गोलरक्षिकेचें. बारा फूट रुंद आणि सात फूट उंच अशी चौकट तिनें एकटीनें संभाळावयाची. पायांस जाड पॅड, पावलांस किकर, छातीस कवच, डोक्यास शिरस्त्राण, हा सारा संच इतर दहा जणींच्या साहित्याहून महाग पडतो, आणि लहान शाळेस एक संच घेणेंही जड जातें. मग मुलांचा संच मुलींस वापरावा लागतो; पॅड मांडीपर्यंत येतात, पट्टे शेवटच्या भोकावर आवळले तरी सैल राहतात, आणि तशा अवस्थेंत ती मुलगी भर वेगानें येणाऱ्या चेंडूसमोर उभी राहते. संघांतील सर्वांत धीट मुलगी कोण, असें कोणीं विचारलें तर आम्ही डोळे झांकून गोलरक्षिकेकडे बोट दाखवूं.

असो. मैदान कसें का असेना, मुलगी तेथवर पोंचली पाहिजे. आणि तेथेंच आपल्यासारख्या सुशिक्षित घरांचा संबंध येतो. लातूरचें नांव आज साऱ्या महाराष्ट्रांत ज्या कारणानें गाजतें तें म्हणजे 'लातूर पॅटर्न'. परीक्षेची शिस्तबद्ध तयारी, पुन्हां पुन्हां सराव-परीक्षा, आणि वैद्यकी व अभियांत्रिकीच्या प्रवेशांत मिळणारें यश, यांमुळें दूरदूरच्या जिल्ह्यांतून पालक आपलीं मुलें या गांवीं आणून ठेवतात. या पद्धतीनें पुष्कळ सामान्य घरांतील मुलें डॉक्टर झालीं, हें कोणासही नाकारतां येणार नाहीं. पण सकाळचा वर्ग, शाळा, संध्याकाळचा वर्ग आणि रात्रीची अभ्यासिका असा दिवस ज्या गांवीं आंखला जातो, तेथें मैदानास उरलेला वेळ शोधावा लागतो. दहावीच्या वर्षीं तर काठी माळ्यावर टाकण्याचा हुकूम घरांतूनच निघतो, आणि तो मुलग्यापेक्षां मुलीस आधीं मिळतो.

अभ्यासाचें कारण निदान सांगण्यासारखें आहे. न सांगण्यासारखीं कारणेंही असतात. उन्हानें रंग काळवंडेल, गुडघ्यावर वण राहतील, आंखूड चड्डी घालावी लागते, परगांवीं मुक्काम करावा लागतो, आणि या सर्वांच्या मागें 'उद्यां पाहावयास येणारे काय म्हणतील' हा न उच्चारलेला प्रश्न. यांतील परगांवच्या मुक्कामाची काळजी रास्त आहे. सोबत शिक्षिका कोण, राहण्याची सोय कोठें, हें पालकांनीं विचारलेंच पाहिजे व शाळेनेंही न विचारतां सांगितलें पाहिजे. बाकीच्या आक्षेपांविषयीं मात्र आम्हांस नवल वाटतें. श्रावणांत मंगळागौर येते, आणि हॉकीचा सराव ऐन भरांत असतो तोही श्रावणांतच. आपल्या आज्या-पणज्या मंगळागौरीच्या रात्रीं फुगड्या, झिम्मा, पिंगा, कोंबडा असे खेळ पहाटेपर्यंत खेळत, आणि त्यांचा दम पाहून आजच्या मुलींनीं लाजावें. बायकांनीं धांवावें, उड्या माराव्या, घामाघूम व्हावें हें आपल्या घरांस नवीन नाहीं. तें अंगणाबाहेर व दिवसाउजेडीं व्हावें एवढीच काय ती नवी गोष्ट.

दुसऱ्या प्रकारच्या घरांची अडचण याहून भारी आहे. मराठवाड्यांतील कित्येक कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं गांव सोडतात. विभागाचे व राज्याचे सामने येतात ते याच दिवसांत. आईबाप तोडीवर निघाले कीं मोठी मुलगी धाकट्या भावंडांस संभाळण्यासाठीं बरोबर जाते, किंवा घरीं एकटी कशी ठेवावी म्हणून तिचें लग्न उरकलें जातें. अशा घरांतील मुलगी आघाडीस खेळत असली तर तिच्या जाण्यानें संघ मोडतोच. पण तिच्यापुरती शाळाही मोडते. क्रीडाशिक्षक अशा वेळीं घरोघर जाऊन आईबापांची समजूत घालतात. सामना जिंकण्यापेक्षां हें काम मोठें आहे असें आमचें मत आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही गुणपत्रकांत होत नाहीं.

गुणांचा विषय निघालाच आहे. खेळाडू विद्यार्थ्यांस महाराष्ट्रांत परीक्षेंत जास्तीत जास्त २५ गुण वाढवून मिळतात, आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं शेंकडा पांच जागा राखून ठेवलेल्या आहेत. या गुणांच्या आशेनें कांहीं पालक मुलीस मैदानावर धाडतात. त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. देवळांत प्रसादासाठीं गेलेल्या मुलाच्या कानांवरही चार अभंग पडतातच. मात्र प्रमाणपत्रापुरता संघ उभा करावयाचा, एक सामना खेळावयाचा आणि कागद हातीं येतांच काठ्या गोळा करून कपाटांत टाकावयाच्या, अशी रीत पडली तर ती खेळास मारक होते; आणि वर सांगितलेली एका दुपारची पद्धत या रीतीस अनुकूलच आहे.

मोठ्या सामन्यांचें मैदान आतां मातीचें राहिलें नाहीं. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून वरच्या दर्जाची हॉकी कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे ॲस्ट्रोटर्फवर, खेळली जाऊं लागली. तेथें चेंडू उसळत नाहीं, सरळ व वेगानें धांवतो. मातीवर शिकलेल्या मुलीस पहिल्या दिवशीं तो दिसतच नाहीं म्हटलें तरी चालेल. राज्यपातळीवर आपल्याकडील मुली पुण्या-मुंबईकडील संघांपुढें गांगरतात याचें एक कारण हें आहे. मग लातुरास ॲस्ट्रोटर्फ कां घालूं नये, असें कोणीही म्हणेल. पण या हिरवळीस प्रत्येक सामन्यापूर्वीं हजारों लिटर पाणी पाजावें लागतें. कोरडी राहिली तर पाय घसपटतात आणि चेंडू अडतो. ज्या लातुरास २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, जेथें घागरीसाठीं लोक रात्र रात्र जागले, तेथें मैदानावर फवारे सोडा असें म्हणणें जिभेवर येत नाहीं. कमी पाण्यावर अथवा पाण्याशिवाय चालेल अशी हिरवळ तयार करण्याचे प्रयत्न आंतरराष्ट्रीय पातळीवर चालू आहेत, व त्यांस यश आलें तर आपल्यासारख्या मुलखास त्याचा लाभ सर्वांत अधिक होईल. तोंपर्यंत माती ही आपली पाटी आहे असें समजून तिच्यावरच अक्षरें गिरवावीं लागणार.

आणि मातीवर गिरविलेलीं अक्षरें पुसटच राहतात असें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील फलटण पाहा. तें सईबाईंचें माहेर म्हणून आपणांस इतिहासांतून ठाऊक. हॉकीच्या जगांत आज तें मुलींच्या खेळासाठीं ओळखलें जातें, आणि तेथील मुधोजी हायस्कूलचें नांव शाळकरी हॉकींत आदरानें घेतलें जातें. याच तालुक्यांतील आसू गांवची वैष्णवी फाळके २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई खेळांत भारताच्या संघांत होती, आणि त्या संघानें जपानास हरवून कांस्यपदक मिळविलें. वाखरीची अक्षता ढेकळे २०२२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत झालेल्या कनिष्ठ विश्वचषकांत खेळली. तेथें भारत चौथा आला. २०२३ च्या जूनमध्यें जपानांत कनिष्ठ आशिया चषकाची अंतिम लढत कोरियाशीं झाली व भारतानें ती २-१ अशी जिंकून तो चषक प्रथमच घरीं आणला. त्या संघाच्या यादींत वैष्णवीबरोबर ऋतुजा पिसाळ व मनश्री शेडगे अशीं आणखी दोन मराठी नांवें होतीं.

फलटणाजवळ असें काय आहे, जें नांदेड-लातुरापाशीं नाहीं? पैसा म्हणावा तर तो दोन्हीकडे बेताचाच. पाऊस म्हणावा तर फलटणही दुष्काळी पट्ट्यांतच मोडतें. आमच्या समजुतीप्रमाणें फरक सातत्याचा आहे. जेथें थोरल्या मुली खेळून पुढें गेल्यावरही सुटींत परत येऊन त्याच मैदानावर धाकटींबरोबर खेळतात, तेथें हंगाम एका दुपारीं संपत नाहीं. तो वर्षभर चालतो. धाकटीस आपल्याहून चांगली खेळाडू रोज समोर दिसते, आणि तिच्या आईस 'पुढें काय?' या प्रश्नाचें उत्तर शेजारच्याच गल्लींत मिळतें. पुण्याच्या बालेवाडीस राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आहे. तेथें निवडलेल्या मुलींच्या राहण्याची, शिक्षणाची व खेळाची सोय होते. पण त्या दारापर्यंत पोंचविणारी वाट गांवच्या मैदानांतूनच जाते.

हिंदी स्त्रियांची हॉकी कांहीं कालपरवांची नाहीं. १९७४ सालीं फ्रान्समध्यें झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकांत भारत चौथा होता. १९८० सालीं मॉस्को येथें ऑलिंपिकांत स्त्रियांची हॉकी प्रथमच आली. अनेक राष्ट्रांनीं बहिष्कार घातल्यामुळें सहाच संघ राहिले, आणि आयत्या वेळीं जमवाजमव करून आलेल्या झिंबाब्वेनें सुवर्णपदक नेलें. त्याच झिंबाब्वेशीं आपल्या मुलींनीं १-१ अशी बरोबरी साधली होती, तरी शेवटीं चौथें स्थान पदरांत पडलें. त्या संघांत रेखा मुंडफन होत्या, आणि पुण्यांत जन्मलेल्या एलायझा नेल्सन होत्या. एलायझाबाईंच्याच नेतृत्वाखालीं १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई खेळांत आपण सुवर्ण जिंकलें. पुढें २०२१ सालीं टोकिओस राणी रामपाल हिच्या संघानें ऑस्ट्रेलियास १-० असें हरविलें, तेव्हां साऱ्या देशानें सकाळीं तो सामना पाहिला; तेथेंही अखेर चौथेंच स्थान आलें. राणी ही हरयाणांतील शाहाबाद गांवच्या गाडीवानाची मुलगी. २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकास मात्र आपला महिला संघ पात्रच ठरूं शकला नाहीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

एवढ्या उंचीवरून पुन्हां आपल्या शाळेच्या मैदानावर उतरावयाचें, तर करण्यासारखी गोष्ट अगदीं लहान आहे. नांदेडांतील दोन व लातुरांतील दोन शाळांनीं मनावर घेतलें आणि बाद पद्धतीऐवजीं आपसांत साखळी पद्धतीनें सामने ठेवले, प्रत्येकीनें प्रत्येकीशीं एकदां घरीं व एकदां परगांवीं खेळावयाचें ठरविलें, तर प्रत्येक संघाच्या वाट्यास सहा सामने येतात. एका सामन्याचे सहा झाले. याला सरकारी मंजुरी लागत नाहीं, चषक लागत नाहीं, प्रमाणपत्रही लागत नाहीं. शनिवारीं शाळा सकाळची असते. त्या दुपारीं गांवांतला सामना उरकतां येतो. परगांवचा असेल तर एस.टी.नें तीन-चार तासांचा प्रवास. मुक्काम पडलाच तर रविवार हाताशीं असतो.

मुक्कामाची काळजी वर रास्त म्हटली आहे, आणि तिचा उपायही आपल्याच घरांत आहे. सोळा-सतरा मुली व दोन शिक्षिका यांची सोय करावयास धर्मशाळा कशाला हवी? यजमान संघांतील मुलींच्या घरीं दोन दोन पाहुण्या मुली उतरल्या तर कोणाच्या स्वयंपाकघरास तें जड जाईल? ज्या घरीं रोज बारा पानें मांडलीं जातात तेथें चौदा मांडलीं म्हणून कणकेचा डबा रिकामा होत नाहीं. लातूरच्या मुलीनें नांदेडच्या काकूंच्या हातची भाकरी खाल्ली, आणि पुढच्या महिन्यांत नांदेडची मुलगी लातुरास त्यांच्याकडे आली, म्हणजे परगांव परकें राहत नाहीं. शिवाय ज्या आजींनीं आयुष्यांत हॉकी पाहिली नाहीं त्याही 'आपल्याकडे उतरलेल्या पोरी कशा खेळतात तें तरी पाहूं' म्हणून मैदानाच्या कडेस येऊन बसतील.

हें येत्या वर्षीं व्हावयाचें असेल तर त्याची बोलणीं मार्चच्या परीक्षा संपतांच मुख्याध्यापकांनीं करावयास हवींत. मे महिन्याच्या सुटींत मैदानावर मुरूम पडला पाहिजे, आणि मृगापूर्वीं त्यावर रोलर फिरला पाहिजे. कारण एकदां पाऊस लागला कीं काळी जमीन कोणाचें ऐकत नाहीं. गोलरक्षिकेचा संच मात्र मुलींच्या मापाचा, आणि तो सर्वांआधीं घ्यावा.